खांग मास्तरांचे हात आणि माझी हिरवी पिशवी

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाचा मान आमच्या तैवानातल्या थायनानमध्ये डॉक्टरच्या खालोखाल आणि देवळातल्या जोतिष्याच्या किंचित वर असतो, असं माझं मत होतं. बायकोचं मत वेगळं होतं, पण ती दुकानात बसत नसे, त्यामुळे दुकानात माझंच चालायचं. ‘वेंग कॉम्प्युटर’ अशी लाल पाटी, आत काचेच्या कपाटात वायरींची भेंडोळी आणि भेंडोळ्यांच्या मागे मी. खिशातल्या फोनवर माणसाचं तोंड दिसायला लागायच्या आधीचे दिवस ते. परदेशी गेलेलं पोर बघायचं तर घरात कॉम्प्युटर हवा, त्यावर सुपारीएवढा कॅमेरा हवा, आणि तो कॅमेरा कॉम्प्युटरच्या ओळखीचा हवा. ही ओळख करून द्यायला मी लागायचो. निदान मला तसं वाटायचं.

खांग मास्तरांचं दुकान माझ्या दुकानापासून थोडं पलीकडे, शाळेच्या फाटकासमोर. गणवेशाच्या खिशावर पोरांची नावं नि नंबर धाग्याने भरायचा त्यांचा धंदा. जन्मापासून त्यांना ऐकू येत नाही. शाळा उघडायच्या आठवड्यात दारात आयांची ही गर्दी, सगळ्या एकदम बोलतायत, सगळ्यांना आजच हवंय, आणि मास्तर आपले मशीनपाशी शांत. कागदावरचं नाव एकदा बघायचे आणि सुई पळवायचे. तोंडाचं काम वहिनींकडे. वहिनींना, म्हणजे युए-श्या वहिनींना, उत्तम ऐकू येतं आणि त्याहून उत्तम बोलता येतं. मास्तर हातांनी बोलणार, वहिनी ते मोठ्याने सांगणार, वर चार शब्द पदरचे घालणार. आपल्याला मास्तर टोमणा मारतायत की वहिनी, हे कधी कळायचं नाही.

मास्तरांनी गल्लीतल्या सगळ्यांना हातांची नावं ठेवली होती. बरोबरच आहे, ज्याला ऐकू येत नाही त्याला ‘वेंग’ या आवाजाचं काय कौतुक? ते माणसाकडे नीट बघायचे आणि त्याच्यात जे ठळक दिसेल ते त्याचं नाव. फळवाला म्हणजे भुवईवरून आडवं फिरवलेलं बोट, कारण त्याची भुवई मधोमध तुटलेली. माझं नाव होतं कानशिलावर फिरणारं बोट. ‘बुद्धिमान’! मी खूश. गिऱ्हाइकांना सांगायचो, बघा, मास्तरांसारख्या माणसाला न बोलता कळतं. एकदा वहिनींसमोर सांगून बसलो, तर त्या हातातला शर्ट खाली ठेवून हसल्या. “अहो लाओबान, तुम्हाला काही विचारलं की तुम्ही आधी डोकं खाजवता ना? ते आहे ते!”

‘लाओबान’ म्हणजे शेठ. आमच्याकडे भज्यांची गाडी लावली तरी माणूस लाओबान होतो. पण वहिनी म्हणायच्या तेव्हा त्यातला शेठ गळून पडायचा.

तर नावाचा एक नियम होता. हाताचं नाव तोंड बघितल्याशिवाय ठेवायचं नाही, आणि फोटो बघून तर मुळीच नाही. मास्तरांचं म्हणणं, फोटोतला माणूस हलत नाही, आणि हलल्याशिवाय माणूस कळत नाही. म्हणून त्यांची लेक यी-रू लग्न करून कॅनडात टोरांटोला गेली आणि तिला मुलगा झाला, तेव्हा खरा पेच पडला. कागदावरचं नाव सासरच्यांनी जोतिष्याकडून चिनी अक्षरांचे फटकारे मोजून ठरवून घेतलं होतं. त्याबद्दल मास्तरांची काही तक्रार नव्हती. हाताचं नाव मात्र आजोबांचं. ते बाळाला महिना भरेल त्या दिवशी ठेवायचं, कॅमेऱ्यातून, समोरासमोर. यी-रूला ऐकू येतं, पण ती जिभेच्या आधी हातांनी बोलायला शिकलेली पोर. बापाशी ती बोलायची ती हातांनीच. त्यात या वेळी तिने आईला फोनवर दोनदा बजावलं होतं, “आई, त्या दिवशी कॅमेरा बिघडू देऊ नकोस. मला बाबांशी बोलायचंय.”

“बोलायचंय म्हणजे काय?” वहिनींनी विचारलं होतं.

“त्यांच्याशी बोलायचंय,” एवढंच ती म्हणाली.

आणि नेमका कॅमेरा कुरकुरायला लागला. चित्र मधेच थांबायचं. वहिनींनी मला बोलावलं. मी डोकं खाजवलं, कॉम्प्युटरभोवती एक चक्कर मारली आणि निदान केलं.

“वहिनी, पिशवीची तारीख उलटून गेलीय.”

आता यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे बँकेतल्या यंत्रांपासून इस्पितळातल्या यंत्रांपर्यंत सगळ्यांवर ती पिशवी असते. नारळाच्या चवीचा मक्याचा फुगीर खाऊ, त्याच्या नावाचाच अर्थ ‘शहाण्यासारखा वाग’. पिशवी यंत्रावर ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवीच हवी, हिरवा दिवा म्हणजे सगळं सुरळीत. पिवळी किंवा लाल ठेवलीत तर तुमचं तुम्ही बघा. तारीख उलटता कामा नये, आणि पिशवी कामावर असताना तिच्यातला खाऊ खायचा नाही. शिकल्यासवरलेले इंजिनियर हे पाळतात, तिथे मी कोण?

मी जाऊन चांगली मोठी, घरभर खातील अशी पिशवी आणली. उगाच नातवाच्या बाबतीत हात आखडता कशाला घ्या? पण ती जुन्या पिशवीच्या जागी बसेना. मास्तरांच्या कॉम्प्युटरचं खोकं शिलाईच्या टेबलाखालच्या खणात, डोक्यावर जेमतेम बोटभर जागा. मग मी ती खोक्याच्या मागे, खोकं आणि भिंत यांच्यामध्ये कोंबली. “आता भक्कम पाठिंबा आहे,” असंही म्हणालो. हे वाक्य वहिनींनी लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पूर्णच गेला. पडद्यावर पाटी आली, की जोडलेलं उपकरण ओळखता येत नाही.

“काल निदान अडखळत ओळखत तरी होता,” वहिनी म्हणाल्या. “आज तर वाळीतच टाकलंय त्याला.”

“घाबरू नका, किरकोळ आहे,” मी म्हणालो. धंद्यात हे वाक्य मी खूपदा वापरलंय आणि त्यानंतर किरकोळ असं काही उरलेलं नाही.

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. खोक्यामागे हात घालून, चाचपत, कॅमेऱ्याची वायर काढली आणि परत खुपसली. कॅमेऱ्याबरोबर आलेली तबकडी घालून त्याची सगळी माहिती नव्याने भरली. कॅमेरा दुकानात नेऊन माझ्या कॉम्प्युटरला लावला, तर पठ्ठ्या पहिल्या झटक्यात चालू! माझंच थोबाड मोठ्ठं दिसलं. म्हणजे दोष कॅमेऱ्यात नाही. मग मास्तरांचं खोकं उचललं, पिशवी आदराने बाजूला ठेवली, खोकं स्कूटरवर पायांत धरून दुकानात आणलं आणि कॅमेरा लावला. तिथेही चालू! म्हणजे दोष खोक्यातही नाही. परत मास्तरांकडे नेलं, खणात सरकवलं, वायरी लावल्या, पिशवी आदराने पाठीमागे बसवली. बंद.

सुज्ञ वाचकांना इथे काही सुचलं असेल. मला सुचलं नाही. मी म्हणालो, “वहिनी, ही जागाच वाईट आहे. शिलाई मशीनची मोटर शेजारी, भिंतीत जुन्या तारा... इथे एका पिशवीचं काम नाही.”

आणि मी दुसरी पिशवी आणून पहिलीच्या शेजारी ठोसली. त्यानंतर ‘ओळखता येत नाही’ ही पाटीसुद्धा यायची बंद झाली. कॉम्प्युटरच्या मते आता कॅमेरा जगातच नव्हता.

मास्तर हे सगळं मशीनवर बसून बघत होते. मधेच त्यांनी बोटांनी काहीतरी विचारलं.

“विचारतायत, लाओबानना खाऊ फार आवडतो का?” वहिनी म्हणाल्या.

महिना भरला तो दिवस उजाडला. वहिनींनी पहाटेपासून तेलातला चिकट भात रांधला, मश्रूम नि डुकराचं मांस घालून, आणि लाल रंगवलेल्या अंड्यांसकट घरोघर डबे वाटले. सगळी गल्ली भात खात विचारत होती, “नाव काय ठेवलं?” आणि वहिनी सांगत होत्या, “ठेवतील संध्याकाळी, आमच्या लाओबानची कृपा झाली तर.” मला डबा आला नाही. म्हणाल्या, काम झाल्यावर. मी दुपारपासून त्या टेबलाखाली होतो, उपाशी, आणि कुल्ल्याला मुंग्या आलेल्या.

संध्याकाळ झाली, तिकडे सकाळ. मास्तर न्हाऊन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पडद्यासमोर बसले. त्या शर्टावर ते दुपारभर स्वतःच इस्त्री फिरवत होते, हे मी टेबलाखालून बघितलं होतं. यी-रूचा कॉल आला. तिचा चेहरा पडद्यावर दिसला, मांडीवर गुंडाळलेलं काहीतरी. मास्तरांचे हात झटकन वर गेले. लेकीला त्यातलं काही दिसेना. तिच्याकडे नुसता काळा चौकोन. तिने हातांनी सांगितलं आणि तोंडानेही म्हणाली, “बाबा, तुम्ही दिसत नाही. हात दिसत नाहीत.”

स्पीकरमधून तिचा आवाज कसा खणखणीत आला! आणि मी, वेंग कॉम्प्युटरचा मालक, टेबलाखालून डोकं काढून उत्साहाने म्हणालो, “पण आवाज तर झकास येतोय ना! आजच्या दिवस नुसतं बोलून घेतलं तर?”

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी डोकं परत टेबलाखाली घेतलं.

“हे त्यांना मी सांगू का तुम्ही सांगताय, लाओबान?” वरून आवाज आला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर मास्तरांचे हात अजून हवेत होते. लेक समोर, नातू समोर, दोघं त्यांना दिसतायत, आणि त्यांना स्वतःला मात्र काही म्हणता येत नाही. माझ्यामुळे त्यांची वाचा गेली होती. मी पुन्हा मागे हात घातला, तर हाताला त्या दोन गुबगुबीत पिशव्या लागल्या. यंत्राच्या गरम हवेने टम्म फुगल्या होत्या. मला एकदम संताप आला. पिशवीचा आला, स्वतःचा आला, दुपारपासून उपाशी ठेवणाऱ्या वहिनींचाही आला.

“गेला खड्ड्यात तुझा शहाणपणा!” असं म्हणून मी दोन्ही पिशव्या ओढून बाहेर काढल्या, एक दातांनी फाडली आणि मूठभर खाऊ तोंडात कोंबला.

“अहो! अहो, काय करताय?” वहिनी किंचाळल्या. “कामावरची पिशवी आहे ती!”

“होऊ दे काय व्हायचं ते!” मी भरल्या तोंडाने म्हणालो आणि दुसऱ्या हाताने वायर नीट आत दाबली. आता मागे जागा होती, म्हणून या वेळी ती सरळ गेली. टक् असा आवाज झाला. इतके दिवस तो आवाज कधी झालाच नव्हता, आणि झाला नाही हेही मला कळलं नव्हतं. फुगलेली पिशवी वायरीला तिरकं ढकलत होती. म्हणजे हा सगळा घोळ माझ्या पाठिंब्याचा होता.

“दिसले! बाबा, दिसलात!” स्पीकरमधून यी-रू ओरडली.

मी विजयी मुद्रेने हात काढला. चित्र गेलं. परत दाबला, चित्र आलं. इतके दिवस तिरकी वायर खुपसून खुपसून मी ते भोक सैल करून ठेवलं होतं. आता बोटाने दाबून धरलं तरच कॅमेरा चालत होता.

“आता हलू नका, लाओबान,” वहिनी म्हणाल्या. “हललात तर गल्लीत भात वाटलाय तसा तुम्हाला वाटीन.”

असा मी टेबलाखाली आडवा, खांद्यापर्यंत हात खोक्यामागे, तोंडात खाऊ. मला पडदा दिसत नव्हता. मला खालून दिसत होते ते मास्तर, त्यांची हनुवटी आणि त्यांचे हात. बाकीचं वहिनी सांगत होत्या.

“झोपलाय गुलाम. यी-रू त्याची टोपी काढतेय... उठला. जांभई देतोय. अगं बाई, केवढा तो आ!”

मास्तर पुढे वाकले. ते ज्या नजरेने कापडाकडे बघतात त्या नजरेने बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर खट्याळ हसू आलं. त्यांनी दोन बोटांत स्वतःचा कान धरला आणि बाहेर ओढला, दोनदा.

“कान!” वहिनी टाळी वाजवून म्हणाल्या. “नाव कान! खरंच की, हे असे उभे सुपाएवढे कान, आजोबांचेच उचललेत! मोठे कान म्हणजे नशीबवान हो!”

मी खालून हसलो. वरून यी-रूचं हसू ऐकू आलं. मग ते मधेच थांबलं. स्पीकर गप्प झाला. मास्तर पडद्याकडे बघत होते आणि त्यांचं हसू हळूहळू जात होतं. वहिनींचाही आवाज येईना. वहिनी गप्प आहेत असं मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं.

“वहिनी? चित्र गेलं का? शपथेवर सांगतो, मी हललो नाही!”

मी वायर आणखी आत दाबली.

“वहिनी, वायर सुटली का?”

“चित्र आहे,” त्या म्हणाल्या. आवाज ओळखू येईना. “यी-रू हातांनी सांगतेय. बाळाला ऐकू येत नाही म्हणे. डॉक्टरांनी दोनदा तपासलं.”

तोंडातला खाऊ गिळवेना.

“म्हणतेय, महिनाभर सांगायचा धीर झाला नाही. फोनवर आईला सांगून तुमच्यापर्यंत पोचवायचं नव्हतं, बाबा, तुम्हाला तुमच्या बोलीतच सांगायचं होतं. म्हणतेय, नाव बदला. भुवया घ्या, हनुवटी घ्या, दुसरं काहीही ठेवा. कान नको.”

मास्तरांचे हात मांडीवर पडले होते. मी खालून त्यांच्याकडे बघत होतो आणि मला रडू येत होतं. त्या क्षणी मला वाटलं, की हा कॅमेरा बिघडलेलाच बरा होता. मी बोट जरा सैल केलं असतं तर हे सगळं थांबलं असतं, निदान आजच्यापुरतं. पण मी बोट सैल केलं नाही. उलट इतकं दाबलं, की नख पांढरं पडलं.

मग मास्तरांचे हात उठले. वहिनी त्यांच्यामागे उभं राहून तुटक तुटक सांगायला लागल्या, मला की स्वतःला, कोण जाणे.

“म्हणतात, का बदलू? कान छान आहेत. माझे पण असेच आहेत.” त्यांनी नाक ओढलं. “म्हणतात, जन्मात माझा चष्मा कधी घसरला नाही.”

स्पीकरमधून यी-रू हसली, आणि त्याच श्वासात हुंदकाही आला.

“म्हणतात, रडू नकोस, तू रडलीस की तुझे हात थरथरतात, मग मला वाचता येत नाही. त्याला जवळ आण. अजून जवळ. आणि तू जरा बाजूला हो.”

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा गुडघा माझ्या डोक्याला लागला, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी समोर नेऊन त्यांनी परत कान धरला आणि ओढला. मघाशी भराभरा केलं होतं. आता अगदी सावकाश, मोठं करून, बोटं नीट दिसतील असं. एकदा केलं, थांबले, परत केलं. मघाशी ते नाव त्यांनी लेकीला सांगितलं होतं. आता ज्याचं होतं त्यालाच सांगत होते.

वहिनींनी उलगडून सांगण्यासारखं काही नव्हतंच. माझा हात खांद्यापासून बधिर झाला होता आणि मानेवरून घाम ओघळत होता. मास्तर पुन्हा पुन्हा तेच करत होते, आणि मला पडदा दिसत नव्हता.

शेवटी मला राहवेना. “वहिनी,” मी हळूच विचारलं, “बाळ काय करतंय?”

“बघतंय,” वहिनी म्हणाल्या.